लेस पॉल स्पेशल ही ‘कात्री लावलेली स्टँडर्ड’ आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गिब्सनची लेस पॉल स्पेशल ही इलेक्ट्रिक गिटार म्हणजे महागड्या लेस पॉल स्टँडर्डची खर्चाला कात्री लावलेली आवृत्ती, पी-९० (एका गुंडाळीचा) हा हंबकर (घरघर दाबणारा, दोन गुंडाळ्यांचा) परवडत नाही म्हणून बसवलेला पिकअप (तारांची कंपनं पकडणारं चुंबकीय साधन), बाराव्या फ्रेटनंतर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या कांड्या) गिटार बेसूर आणि नेकचा बॉडीशी असलेला जोड कच्चा, म्हणून नवशिक्यांना ती सुचवू नये. शेवटच्या दोन मुद्द्यांत तथ्य आहे, पहिल्या दोनांत अजिबात नाही.

स्पेशल आली १९५५ मध्ये. त्या वर्षी कुठल्याच लेस पॉलवर हंबकर नव्हता! गिब्सनचे अभियंता सेथ लव्हर यांचा हंबकर लेस पॉलवर बसला १९५७ मध्ये. तोवर महागड्या गोल्डटॉपवरही (तेव्हाची सोनेरी स्टँडर्ड) दोन पी-९०च असायचे. ज्या रॅपअराउंड ब्रिजला (तारा जिच्यावरून गुंडाळून जातात ती धातूची एकच पट्टी) तुम्ही बेसूरपणावरून नावं ठेवता, तोही १९५३ पासून गोल्डटॉपवर होता. मग हात आखडता घेतला कुठे? लाकूडकामात. गोल्डटॉपला महागनीवर कोरलेला मेपलचा थर, स्पेशलला सपाट महागनी. बॉडीला बाइंडिंग (कडेची शोभेची पट्टी) नाही, फ्रेटबोर्डवर साधे ठिपके. मात्र आणखी स्वस्त ज्युनियर मॉडेलला नसलेला दुसरा पिकअप आणि नेकची बाइंडिंग हिला दिली. बॉब मार्ली वर्षानुवर्षं हीच वाजवायचे.

आता बेसूरपणा. १९५० च्या दशकात तिसरी तार, म्हणजे जी, गुंडाळलेली (वरून बारीक तार वेढलेली) यायची आणि ब्रिजची सरळ पट्टी तिच्याशी जुळायची. आज आपण १०-४६ चा सेट (सर्वांत बारीक तार ०.०१० इंच, सर्वांत जाड ०.०४६ इंच) लावतो, त्यात जी साधी, सुमारे ०.०१७ इंच जाडीची. तिला जास्त लांबी लागते, ती पट्टी देत नाही, म्हणून जी चढी वाजते. आधी नव्या तारा लावा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता फक्त स्पर्शून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर तारा सैल करून ब्रिजच्या त्या टोकाचा मागचा ॲलन स्क्रू थोडा आत फिरवा. पट्टी नेकपासून लांब सरकते. दोन्ही टोकांच्या ई तारा अशा जुळवा. जी तरीही चढीच राहिली तर गुंडाळलेल्या जीचा सेट घ्या, नाहीतर साध्या जीसाठी पायऱ्या काढलेला ब्रिज. तो ब्रिज धरणाऱ्या जुन्या दोन खुंट्यांवरच बसतो, भोकं पाडावी लागत नाहीत. पट्टी फार उंच ठेवू नका, तारांच्या ताणाने खुंट्या पुढे झुकतात आणि सगळं मोजमाप बिघडतं.

पिकअपचा आवाज दबलेला वाटला तर त्याचे दोन स्क्रू उगाच सैल सोडू नका. सोपबारखाली (स्पेशलवरच्या साबणवडीसारख्या पी-९०ला सोपबार म्हणतात) स्पंजचा तुकडा घालून मगच उंची ठरवा.

नेकबद्दल तुमचं बरोबर आहे, पण ते सरसकट नाही. १९५९ मध्ये नेकजवळ बॉडी दोन्ही बाजूंनी कापली गेली आणि नेक पिकअपचा (नेकजवळच्या पिकअपचा) खड्डा थेट जोडाला भिडला. जोड धरून ठेवायला लाकूडच उरलं नाही. गिब्सनने लवकरच तो पिकअप ब्रिजच्या दिशेने सरकवला. १९५५ ते ५८ च्या एका कापाच्या गिटारींत ही अडचण नाही. सुरुवातीची दोन कापांची गिटार घेताना हीलभोवती (नेक बॉडीला मिळतो तो भाग) आणि नेक पिकअपच्या कडेला लॅकरमध्ये आडवी रेघ आहे का ते बॅटरीच्या उजेडात पाहा. मग बॉडी धरून नेक अगदी हलका मागे ओढा. रेघ उघडली तर जोड सुटलाय, आणि तो पूर्ण काढून पुन्हा चिकटवावा लागेल. तो खर्च किमतीतून वजा करूनच बोली करा.