लोकलमध्ये मूल नेताना घ्यायची काळजी (इतरांची)

सर्वप्रथम, मूल नेऊ नका.

हा सल्ला माझा नाही. गेल्या मंगळवारी सकाळी, लेडीज सेकंड क्लासमध्ये खिडकीशेजारी बसलेल्या एका बाईंनी मला तो दिला, आणि तोही विनामूल्य. "एवढ्या गर्दीत लहान मुलाला घेऊन कशाला यायचं, म्हणते मी!" मला नाही म्हणाल्या हं, समोर बसलेल्या ओळखीच्या बाईंना म्हणाल्या, पण मला ऐकू जाईल अशा बेताने. मी तेव्हा एका हाताने वरचं हँडल आणि दुसऱ्या हाताने अडीच वर्षांचा मुलगा धरून उभी होते, त्यामुळे लिहून घेता आलं नाही. घरी आल्यावर मात्र वाटलं, एवढं ज्ञान एकटीने दाबून ठेवणं बरं नव्हे. तेव्हा ज्यांना लहान मूल आहे आणि शिवाय या मुंबईत कुठेतरी जायचंही आहे, अशा दुहेरी दुर्दैवी माणसांसाठी हे मार्गदर्शन.

तर मूल नेऊ नका. घरी ठेवा. कुणाकडे, हा तुमचा खासगी प्रश्न आहे, त्यात डब्यातल्या लोकांना ओढू नका. मुलालाच कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं असेल, तर कान तेवढा घेऊन जा.

नेणारच असाल, तर वेळ बघून निघा. डॉक्टर परळला सकाळी नऊ ते अकरा बसत असतील तर त्यांना सांगा, दुपारी दोनला बसा, आमच्या डब्यातल्या ताईंना त्रास होतो. नक्की ऐकतील. आणि सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात आजारी पडायचं नसतं, हे मुलाला आधीपासून शिकवा. घरचे संस्कार म्हणतात ते हेच.

रविवारी गर्दी नसते. गाड्याही नसतात.

बाबागाडी वगैरे आणण्याचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच मोडा. ऐन गर्दीत लोकलच्या डब्यात एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसं उभी असतात, हा रेल्वेचाच हिशेब आहे. बाबागाडी अर्धा चौरस मीटर तरी अडवणार. म्हणजे एका पोराच्या ऐषोआरामासाठी तुम्ही सात-आठ नोकरदार बायकांचा लेटमार्क करवणार. शोभतं का? 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तेव्हा 14 डब्यांत मिळून 400 पाहुणे होते. तेवढी माणसं आज आपण एका डब्यात बसवतो. म्हणजे उभी करतो. तर मूल कडेवर घ्या. डायपरची पिशवी, पाण्याची बाटली, डॉक्टरची फाइल, छत्री आणि पर्स यांच्यासाठी आणखी एक हात लागेल, तो वेळेवर उगवेल. आईपणात असे चमत्कार होतात, असं ज्यांना मुलं नाहीत ते सांगतात.

स्टेशनात लिफ्ट असते. लिफ्ट आहे असं सांगणारी पाटी असते, आणि तिच्याशेजारी "दुरुस्तीचे काम चालू आहे" ही दुसरी पाटी असते. आमच्या स्टेशनातली ही दुसरी पाटी इतकी जुनी झालीय, की माझा मुलगा तिला ओळखीची समजून टाटा करतो. सरकता जिना वर जातो. खाली यायचं तुमचं तुम्ही बघा. गाडी तीन नंबरवर येणार असं इंडिकेटर दाखवत असेल, तर तीन नंबरवर जाऊन उभं राहण्याचा भोळेपणा करू नका. पुलावर मधोमध थांबा, मूल पक्कं धरा आणि कान टवकारून ठेवा. घोषणा झाली, की ज्या बाजूला सगळे पळतील त्या बाजूला पळा.

आता डबा कोणता? गरोदर बाईला दिव्यांगांच्या डब्यात चढता येतं. म्हणजे मूल पोटात असेपर्यंत त्याला रेल्वेत मान आहे. बाहेर आलं, वजन वाढलं, लाथा मारायला लागलं, की संपलं. तेव्हा जमत असेल तर नववा महिना जरा लांबवा.

दुसरा उपाय म्हणजे मूल नवऱ्याकडे देऊन त्याला जनरल डब्यात चढवणे. हा रामबाण आहे. बाप मूल घेऊन चढला की अख्ख्या डब्याला पाझर फुटतो. "या साहेब, बसा इकडे." पत्ते थांबतात. कुणीतरी बॅगेतून बिस्किटाचा पुडा काढतं, कुणी खिडकी देतं, "आई नाही का बरोबर?" असं कुणी हळहळत विचारतं. आणि हे गृहस्थ घरी येऊन शर्टाची इस्त्री न मोडता आपल्याला विचारतात, "काय एवढं कठीण असतं गं त्यात?"

चढायचं कसं, याची चिंता नको. गाडी वीस-तीस सेकंद थांबते आणि तेवढ्यात तुम्हाला चढवलं जातं. मुलाचं डोकं आपल्या हनुवटीखाली दाबून धरा, म्हणजे कोपर बसलं तर आधी तुम्हाला बसेल.

शू लागली तर लोकलला टॉयलेट नसतं, हे मुलाला निघतानाच समजावून सांगा.

मोबाईल दिलात तर "हल्लीच्या आया". नाही दिलात तर "अहो, द्या ना काहीतरी हातात, गप्प तरी बसेल". दोन्ही वाक्यं एकच बाई म्हणू शकते, मी ऐकलंय.

आता सीट. हा विषय नाजूक आहे, जरा सविस्तर बोलू. "बसायला मिळेल का" असं कधीही विचारू नये, ते अडाणीपणाचं लक्षण आहे. "कुठे उतरणार?" असं विचारावं. पहिली म्हणेल, "लास्ट." दुसरी म्हणेल, "लास्ट." तिसरीच्या कानात इअरफोन असतात, ती नुसत्या भुवयांनी लास्ट सांगते. एकूण अख्खा डबा सीएसएमटीला उतरणार असतो. मग दादर येतं, त्यातल्या अर्ध्याजणी पदर-ओढण्या सावरत उठतात, आणि त्यांच्या जागेवर डोळ्यांची पापणी लवायच्या आत दुसऱ्या कुणी बसलेल्या असतात. कारण त्या सीटचं खरेदीखत मुलुंडलाच झालेलं असतं. तुम्ही डब्यात नव्या, ग्रुप नाही, मैत्रिणी नाहीत, रोजची गाडी नाही. तुमची उसनवारी कोण लिहून घेणार?

फोर्थ सीट मिळू शकते. तिघी मिळून इंचभर सरकतात आणि त्या इंचाबद्दल तुम्ही पुढची सहा स्टेशनं आभारी राहायचं असतं.

त्या दिवशी मात्र सीट रिकामी होती. आईशप्पथ, होती. म्हणजे तिच्यावर माणूस नव्हता. बॅग होती. चॉकलेटी रंगाची, चांगली ऐसपैस टेकून बसलेली, बाजूच्या कप्प्यात पाण्याची बाटली, चेन अर्धवट उघडी आणि आतून डब्याच्या झाकणाची कड दिसतेय. पट्टासुद्धा व्यवस्थित घडी करून शेजारी ठेवलेला, त्याला कुणाचा धक्का लागू नये म्हणून. मी म्हटलं, "ताई, बॅग घ्याल का जरा?" ताई म्हणजे त्याच, सल्लागार.

"मैत्रीण येतेय."

"कुठे?"

"घाटकोपरला."

ठाणं नुकतंच गेलं होतं. स्लो गाडी. मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी. प्रत्येक स्टेशनात आणखी पंधरावीसजणी आत येत होत्या, माझा मुलगा माझ्या खांद्यावरून घसरत होता, मी त्याला गुडघ्याने वर ढकलत होते, आणि बॅग बसली होती. बॅगेला वारा लागत होता. बॅगेचा पास होता का? बॅगेच्या कानात पू झाला होता का? रात्रभर बॅग रडत होती का? मी पुन्हा एकदा म्हटलं, "घाटकोपर आलं की उठते हो मी, तोपर्यंत बसू द्या, ह्याला बरं नाहीये." तर त्यांनी बॅगेवर हात ठेवला. बॅगेवर! जणू मी बॅगेलाच काही करणार होते. आणि समोरच्या बाईकडे बघून ते वाक्य म्हणाल्या, जे मी वर पहिला सल्ला म्हणून दिलंय.

घाटकोपर आलं. मैत्रीण आली नाही. फोन आला की आज रजा आहे. मग ती सीट कुणाला मिळाली असेल? सांगा. पलीकडच्या दाराशी त्यांच्याच ग्रुपमधली एक उभी होती, तिला हाक मारून बोलावलं. ती माझ्या मुलाच्या पायाखालून वाकून आत गेली आणि बसली.

मुलगा एव्हाना भोकाड पसरून रडत होता. "गरम होतंय त्याला." "भूक लागली असेल." "टोपी कशाला घातलीय?" "झोप आलीय हो, डोळे बघा." सगळं बसल्याबसल्या. सल्ला द्यायला उठावं लागत नाही, ही त्यातली मोठी सोय आहे.

उतरण्याबद्दल थोडक्यात. परळला उतरायचं असेल तर दादरला उतरू नये. हे बोलायला सोपं आहे. दादरला उतरणाऱ्यांचा लोंढा कुर्ल्यापासूनच दाराशी तुंबतो, आणि तुम्ही त्याच्या वाटेत असाल तर तुमचं मत कुणी विचारत नाही. मी दादरला उतरले. मुलगाही उतरला. त्याचा डाव्या पायाचा बूट उतरला नाही. निळा, वेल्क्रोचा, माझी चार बोटं आत मावतील एवढा. तो बहुधा लास्टला उतरला असेल.

शाळेत आपल्याला हिरकणी शिकवतात. रायगडाचा कडा उतरून गेली, केवढं कौतुक. एसटी स्टँडवर तिच्या नावाचे कक्षही आहेत. पण ती एकटी उतरली होती, बाळ खाली घरी होतं. मूल कडेवर, फाइल दातात आणि मागून "ओ मॅडम, उतरायचंय की नाही?" असं ओरडत कुणी तिला कोपराने ढोसत नव्हतं. तिला एकदा सकाळी नऊला दादरला उतरायला सांगा, मग बघू.

पुरे. मार्गदर्शन संपलं.

आता सरळ बोलते. तुम्ही दमता, मला माहीत आहे. पहाटे उठून डबे करता, बसायला मिळावं म्हणून उलट्या गाडीने डाऊन करून येता, दिवसभर खुर्चीत बॉसचं ऐकता आणि संध्याकाळी तीच गर्दी पुन्हा. तुमची सीट तुम्ही कमावलेली आहे. ती मला नको. मी तुमची सीट मागितलीच नव्हती. मी बॅगेची जागा मागितली होती. नवरात्रात नऊ दिवस नऊ रंगांच्या साड्या नेसून याच डब्यात फोटो काढता, संक्रांतीला हळदीकुंकू करता, वाणं लुटता, वाढदिवसाचा केक कापून अनोळखी बाईच्या तोंडाला क्रीम लावता. आणि ताप आलेल्या पोराला वीतभर जागा द्यायला तुमचा जीव जातो? कसली मैत्रीण आणि कसला ग्रुप! सीट आधी अडवून ठेवायचा अधिकार कुणालाच नाही. ती दादागिरी आहे. पुरुषांच्या डब्यातल्या दादागिरीवर आपण तोंडसुख घेतो ना, तीच ही, फक्त बांगड्या घातलेली.

आणि रेल्वेवाल्यांनो, 5 मे 1992 ला चर्चगेट ते बोरिवली लेडीज स्पेशल सुरू केलीत, चांगलं केलंत. 25 डिसेंबर 2017 ला एसी लोकल आणलीत, तेही चांगलं. आता लेडीज डब्यात दाराजवळच्या दोन सीट लहान मूल असलेल्या बाईसाठी ठेवा आणि तसं मोठ्या अक्षरात लिहा. त्याला ना नवा रूळ लागतो, ना भूमिपूजन. रंगाचा एक डबा आणि ब्रश लागतो. आणि मग ते कुणी पाळतंय का, हे बघायला एखादी पोलीस बाई डब्यात चढवा, नुसती फलाटावर उभी करू नका. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, उपकार झाले. पण तिकीट नाही म्हणजे ते माणूसच नाही, ते सामान आहे आणि रडणारं सामान आहे, असं तुम्हीही धरून चालता आणि डबाही.

कानाला पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखवायला बोलावलंय. त्याच गाडीने येणार आहे, त्याच डब्यात. सीटवर बॅग दिसली तर या वेळी विचारणार नाही, उचलून वर रॅकवर ठेवणार आणि मुलाला घेऊन बसणार. घाटकोपरच्या मैत्रिणीला तसं कळवून ठेवा.