झाडावरचं प्रत्येक ऑर्किड म्हणजे रास्ना नव्हे

रविवारी मुलुंडला मावशीकडे गेलो तर गॅसवर पातेल्यात जाड हिरवी पानं उकळत होती. स्टेशनबाहेर एका माणसाकडून 'रास्ना' या आयुर्वेदिक औषधी वनस्पतीच्या नावाने घेतलेली, गुडघ्यांसाठी. मुळाशी घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज: शास्त्रज्ञ ऑर्किडची नावं सारखी बदलतात, त्यांनाच काही कळत नाही, पूर्वजांनी एकच नाव दिलं, रास्ना, देशभर तेच, शिवाय ते बांडगूळ, ओरबाडलं तर झाडाचं भलंच.

देशभर तेच? धादांत खोटं. बंगालात वांडा टेसेलाटा या ऑर्किडची मुळं रास्ना म्हणून वापरतात, केरळात कुलिंजनाचा कंद, उत्तरेत प्लुचिया लॅन्सिओलाटा हे झुडूप. यातलं फक्त पहिलं ऑर्किड. भारताच्या आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे सरकारी औषधकोशात, रास्ना म्हणून दिलीत ती प्लुचियाची पानं. म्हणजे ज्या आयुर्वेदाचं नाव घेऊन हे विकतात, त्याच्या अधिकृत ग्रंथातही रास्ना म्हणून ऑर्किड नाही.

आणि पातेल्यात तर वांडासुद्धा नव्हती! उरलेलं रोप मी हातात घेऊन पाहिलं. वांडाचं पान अरुंद, टोकाला कुरतडल्यासारखे दात. हे पान रुंद, पन्हळीसारखं, फिकट रेघांचं, टोकाला खाच. ही सीतेची वेणी, रिंकोस्टायलिस रेट्युसा. पावसाच्या तोंडावर घाटात जिच्या लोंबत्या फुलांसाठी आपण गाडी थांबवतो, ती. कुणीतरी फांदीवरून मुळांसकट सोलून आणली होती.

नावं बदलतात, हे खरं. वैतागही येतो. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये हिला एपिडेंड्रम रेट्युसम म्हटलं, कारण झाडांवर वाढणारी कितीतरी ऑर्किडं त्याने एपिडेंड्रम या एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) कोंबली होती. पुढे ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने रिंकोस्टायलिस ही प्रजाती वेगळी काढली. पण खाच असलेलं टोक सांगणारा 'रेट्युसा' हा शब्द तेव्हापासून टिकलाय. जुनं नाव धरून आजही माग काढता येतो. 'रास्ना' म्हटल्यावर काय उकळलं, याचा कसा काढणार?

राहिलं बांडगूळ. बांडगूळ फांदीत मूळ खुपसून रस शोषतं. ऑर्किडची मुळं सालीला नुसती धरून असतात, पाणी पावसाचं आणि हवेतलं घेतात. 'वांडा' हा शब्द बांडगुळाच्या संस्कृत 'वन्दा'वरून आला, घोटाळा तिथूनही झाला असेल.

मावशीने काढा ओतून दिला. उरलेलं रोप नारळाच्या सोडणाला बांधून खिडकीच्या ग्रिलवर टांगलंय. एका मुळाचं टोक अजून हिरवं आहे.