मिक्सर ‘फक्त जरा हळू’ चालतो तेव्हा

इथला मिक्सर परदेशात नुसत्या अ‍ॅडॉप्टरवर चालवू नका, असं मी म्हटलं, त्यावर तुमचं म्हणणं असं: ‘शंभर रुपयांच्या अ‍ॅडॉप्टरवर आम्ही न्यू जर्सीत मोबाइल, लॅपटॉप सगळं चालवलं. इथून नेलेला मिक्सरसुद्धा चालला, फक्त जरा हळू. तुम्ही उगाच लोकांना घाबरवता.’

मोबाइल-लॅपटॉपवरून आपलं भांडणच नाही. त्यांच्या चार्जरवर बारीक अक्षरांत ‘इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ छापलेलं असतं. अमेरिकेतले १२० व्होल्ट असोत की जपानमधले १००, तो निमूट जुळवून घेतो. अ‍ॅडॉप्टर फक्त आपल्या गोल पिना तिथल्या चपट्या भोकांत बसवून देतो, व्होल्टेजला हातही लावत नाही.

मिक्सरच्या बुडाशी मात्र २३० च्या आसपासचाच आकडा असतो. १२० वर त्याची मोटर फिरते, पण जोर निम्म्याहूनही कमी उरतो. ताक घुसळताना कळणारही नाही. भिजवलेले उडीद घाला, पातं अडखळायला लागेल. मोटर थंड ठेवणारा पंखा त्याच दांड्यावर असतो, त्यामुळे तोही मंदावतो. करंट मात्र वाहतच राहतो आणि मग तो ओळखीचा जळका वास येतो. ‘जरा हळू’ म्हणजे हेच. तुमचा मिक्सर वाचला, आनंद आहे. बहुधा चटणी पातळ होती!

ट्रान्सफॉर्मर लावता येतो. पण ७५० वॅटच्या मिक्सरला निदान हजार-दीड हजार वॅटचा हवा, आणि ते कित्येक किलोंचं धूड बॅगेत नेण्यापेक्षा लाडू-चिवडा न्यावा. आपल्याच कंपन्या अमेरिकेसाठी ११०–१२० व्होल्टचे मिक्सर बनवतात, तो घ्या.

घाबरवायचंच असतं तर मी उलट्या प्रवासाबद्दल लिहिलं असतं. फक्त १२० व्होल्टचा अमेरिकन हेअर ड्रायर पुण्यात २३० वर लावला की साडेतीन पटींहून जास्त वीज खेचू पाहतो. तो हळू चालत नाही, जळतो.

तुमच्या त्या शंभर रुपयांच्या अ‍ॅडॉप्टरबद्दल एक शंका आहेच. असल्या बऱ्याच अ‍ॅडॉप्टरांत अर्थिंग पुढे जातच नाही. धातूच्या लॅपटॉपवर मनगट टेकलं की झिणझिण्या येतात त्या यामुळेच. सहसा धोका नसतो, पण महिनोन्‌महिने राहणार असाल तर चार्जरची सुटी होणारी वायर तिथली, तीन पिनांची विकत घ्या. अ‍ॅडॉप्टरच लागणार नाही.