गाडी हाय का लायब्ररी?

"लोकं माझ्याकडं आवाज काढायला येत्यात, तू पहिलाच आवाज घालवायला आलास," मेस्त्री म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं म्हणा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांच्या शेडबाहेर उभ्या असलेल्या प्रत्येक बुलेटचा मालक सायलेन्सर बदलून पेठेतल्या म्हाताऱ्यांची झोप उडवायला आलेला, गणपतीत आमच्याकडं डॉल्बीच्या भिंती लागतात आणि घराच्या काचा थरथरल्या की मंडळ पावलं म्हणायचं, आणि अशा गावात मी पदरचे पैसे देऊन गाडी मुकी करायला निघालेलो. "गाडी हाय का लायब्ररी?" हा त्यांचा शेवटचा प्रश्न. त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

गाडी काकांची, 1986 ची पद्मिनी. मूळ फियाट 1100 च्या घराण्यातली, 1089 सीसी, चार सिलिंडर, गिअरचा दांडा स्टीअरिंगला. वयाच्या मानानं गुणी, पण पत्रा मोकळा वाजायचा. साठच्या वर गेली की मागच्या सीटवरच्या माणसाशी ओरडूनच बोलावं लागायचं, त्यामुळं आमच्या घरातली सगळी महत्त्वाची बोलणी, माझ्या ताईचं लग्न ठरलेलं धरून, भांडणाच्या सुरातच झालेली आहेत. रेस्टोरेशन काढलंच आहे, सीटा बाहेर आहेत, दरवाज्यांचे पॅड निघालेत, तर आत्ताच डॅम्पिंग, म्हणजे पत्र्याचा आवाज मारायचं काम, करून घ्यावं, नंतर परत कोण सगळं उचकटतंय, एवढा साधा माझा हिशोब.

काकांना तो पटला नाही. काका गाडी कानानं चालवतात. आरपीएमचा काटा त्या गाडीत नाहीच, इंजिन कण्हलं की गिअर बदलायचा, कुठं खुळखुळ आली की दुसऱ्या दिवशी मेस्त्रींकडं. "आवाज बंद केलास तर ती दुखणं सांगणार कशी रे?" यावर मेस्त्रींनी अशी मान डोलावली की बिल मी देणार आहे हे ते विसरलेच.

फ्लोअरवरचं मॅटिंग काढलं तर खाली कंपनीच्या काळातलं डांबरी शीट, वाळून खडखडीत झालेलं, आणि त्याच्यावर गोणपाटासारखा नमदा, ज्यानं कितीतरी पावसाळ्यांचं पाणी पिऊन ठेवलेलं. कोल्हापूरचा जुलै माहीत असलेल्याला पुढचं सांगायला नको. छन्नीनं डांबर खरवडलं, खाली गंज, लोखंडी ब्रश मारला तर पायाखालची जमीन दिसली, म्हणजे खरोखरच शेडमधली जमीन. मग पत्र्याचा तुकडा वेल्डिंग, रेड ऑक्साईड, वाळवण. आवाजाचं काम अजून सुरूच झालं नव्हतं.

शीट मुंबईहून मागवली. ब्युटाईल रबर, दोनेक मिलिमीटर जाड, वर अल्युमिनियमची फॉईल. पत्रा थरथरतो म्हणून वाजतो, ही चिकटवली की ती थरथर रबरात जिरते. आणि गंमत म्हणजे सगळा पत्रा झाकायची गरजच नसते, मोठ्या सपाट भागाच्या मधोमध पंचवीस-तीस टक्के लावली तरी बराचसा फरक पडतो. हे मी मेस्त्रींच्या पोराला नीट समजावून सांगितलं, त्यानं नीट ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "पैसं दिल्यात न्हवं दादा, मग सगळीकडंच लावूया की." ही शीट चौरस मीटरला तीनेक किलो भरते रे बाबा, पन्हाळ्याच्या घाटात त्या 1089 सीसीनं ओढायचं काय काय, असं म्हणेपर्यंत डिकी चंदेरी झाली होती. दरवाज्याच्या तळाची पाणी जायची भोकंसुद्धा तो बुजवणार होता, ती कशीबशी वाचवली, नाहीतर पावसाळ्यात दरवाज्यात रंकाळा भरला असता.

फॉईलची कड ब्लेडच. बोटं अशी चिरली की मिसळीच्या कटात पाव बुडवताना डोळ्यांत जे पाणी आलं ते तिखटाचं नव्हतं. शीट दाबायला रोलर लागतो, तो कुरिअरवाल्यानं कुठंतरी हरवला, म्हणून मी आईचं लाटणं नेलं. काम झकास झालं. लाटणं परत ओट्यावर ठेवलं तेव्हा त्याला काळं रबर चिकटलेलं, आणि दंड म्हणून उरलेली शीट जप्त झाली. ती आता आमच्या स्टीलच्या सिंकखाली आहे आणि खरं सांगतो, भांडी पडल्याचा आवाज निम्मा झालाय. या सगळ्या प्रकरणात विनातक्रार खूश झालेलं गिऱ्हाईक एकच, आई.

टायरचा आणि वाऱ्याचा आवाज मात्र या शीटला ऐकत नाही, त्याला वरून जड व्हिनाईल आणि पाणी न पिणारा फोम लागतो, तोही फ्लोअरवर टाकला. दरवाजा लावला तर खण्ण न होता धप्प! मेस्त्रींनी एकदा लावून बघितला, मग परत, मग शेजारच्या लेथवाल्याला बोलावून लावायला सांगितला, मग चहावाला, मग बुलेटवाले, आणि संध्याकाळपर्यंत लॉक ढिलं झालं. ते बदलायचे पैसे मेस्त्रींनी माझ्याच बिलात धरले.

पहिली चक्कर एप्रिलात, दुपारी. काका गाडी चालवतायत, काचा बंद, आत इतकं शांत की इतकी वर्षं इंजिनाच्या मागं दडलेले आवाज एकेक करून पुढं आले, मागच्या चाकांमधल्या गिअरांची, म्हणजे डिफरन्शियलची शिट्टी, ग्लोव्हबॉक्समधल्या सुट्ट्या नाण्यांची किणकिण, काकूंचा उसासा. एसी या गाडीला कधीच नव्हता. शिये फाट्यापर्यंत काकांचा शर्ट पाठीला चिकटला, तरी ते काही बोलले नाहीत, नुसते दोन्ही कान टवकारून बसलेले. मग त्यांनी हँडल फिरवून स्वतःची काच पार खाली घेतली, कोपर बाहेर काढलं, डोकंही थोडं बाहेर काढलं आणि म्हणाले, "तुझ्या बाजूची पण घे रे खाली, चालू हाय का बंद पडलीय तेच कळंना."