२८८ नंतर डायरेक्ट ३२१!!

आज लिहिते कारण आता डोकं फुटायची वेळ आलीये. तीन आठवडे झाले मी त्या ऑनलाइन विकणाऱ्यांच्या मागे लागलेय, घरी कोणाला सांगायला गेलं की "एका पुस्तकासाठी एवढं?" असं ऐकायला मिळतं, हो, एका पुस्तकासाठीच, आणि त्यातल्या फक्त बत्तीस पानांसाठी.

झालं असं. 'द मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्स' ही सहा पुस्तकांची सिरीज, कॅसांड्रा क्लेअरची, पहिलं २००७ ला आलं, शेवटचं २०१४ ला. मी कॉलेजात असताना मैत्रिणीकडून पहिलं वाचायला घेतलेलं, तिने परत मागितलं म्हणून अर्धवट दिलं, आणि तेव्हापासून डोक्यात होतं की कधीतरी स्वतःच्या पैशांनी पूर्ण सेट घ्यायचा. दुकानात जाऊन बघितलं तर पहिलं आहे, चौथं आहे, तिसरं नाही, कुठेच नाही, दादरला नाही, फोर्टला नाही, मॉलमधल्या दुकानात तर पहिलं पण नाही. शेवटी दिवाळीच्या बोनसमधून सेट ऑर्डर केला, १,८९९ रुपये. बॉक्स आला तेव्हा मी ऑफिसमधून येऊन हातपण न धुता तो फोडला. सहा पुस्तकं, पाठ लावून उभी केली कपाटात, आईने पण बघितलं, छान दिसतायत म्हणाली.

आता ज्यांना ही सिरीज माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. न्यूयॉर्कमधली क्लॅरी नावाची मुलगी, तिला एका क्लबमध्ये अशी माणसं दिसतात जी बाकी कोणालाच दिसत नाहीत. ते शॅडोहंटर्स, देवदूताचं रक्त अंगात असलेली माणसं, काम एकच, राक्षस मारायचे. स्टील नावाची कांडी असते, तिने कातडीवर खुणा काढतात, जखम भरायची वेगळी, ताकदीची वेगळी, आणि खूण पुसट झाली की अंगावर पांढरा व्रण राहतो. त्यांचं ठिकाण शहराच्या मधोमध असतं पण साध्या माणसाला ते पडकं चर्च दिसतं. मला ना हेच भयंकर आवडतं. लोअर परळला ऑफिसला जाताना त्या उरलेल्या गिरणीच्या चिमणीकडे बघितलं की वाटतं हिच्या खाली पण काहीतरी असेल, आपल्याला फक्त मोडकी भिंत दिसतेय. आपल्याकडे काय कमी आहे का, वेताळ, खवीस, मुंजा, हडळ, समंध, आजीने कोकणातले एवढे सांगितलेत की एकेकावर एक भाग होईल. असो, ते नंतर कधीतरी.

तर मी वाचायला लागले. सकाळी गोरेगावहून सुटणारी लोकल पकडते, सुरुवातीचं स्टेशन म्हणून बसायला मिळतं, स्लो असल्यामुळे लोअर परळपर्यंत पाऊण तास हातात असतो. हा माझा दिवसातला एकमेव वेळ आहे. घरी गेलं की स्वयंपाक, आईचे पाय, भांडी, ऑफिसमध्ये तर श्वास घ्यायला फुरसत नाही. हा पाऊण तास माझा. त्यात पहिली दोन पुस्तकं तीन आठवड्यांत झाली, घाई केली नाही मुद्दाम, पुरवून पुरवून वाचली.

तिसरं, 'सिटी ऑफ ग्लास'. हे सगळ्यात भारी आहे असं सगळे सांगतात. यात ते लोक न्यूयॉर्क सोडून स्वतःच्या देशात जातात, इड्रिस, त्याची राजधानी अ‍ॅलिकांटे, तिथे काचेसारखे चमकणारे उंच मनोरे आहेत आणि त्यांच्यामुळे राक्षस शहरात शिरू शकत नाहीत. आणि मग ते कवच जातं. राक्षस शहरात घुसतात. माझं सांताक्रूझ गेलं, खार गेलं, वांद्रे गेलं, मला काही पत्ता नाही, बाजूच्या ताईंची पर्स माझ्या खांद्यावर टेकलेली तेही कळलं नाही. माहीमला २८८ वं पान संपलं, आणि समोरच्या पानावर २५७.

मला आधी वाटलं माझंच काहीतरी चुकलं. झोपेत पानं मागे गेली की काय. परत बघितलं. २५७ पासून २८८ पर्यंत जे मी आत्ताच वाचलं तेच सगळं परत छापलेलं, तीच वाक्यं, तेच संवाद, आणि ते संपल्यावर डायरेक्ट ३२१. मधली २८९ ते ३२० नाहीतच. फाटली नाहीत, कोणी काढली नाहीत, मुळात बांधलीच नाहीत.

(पुढचा पॅरा ज्यांना सिरीज वाचायचीये त्यांनी सोडा, खरंच सोडा, माझ्यासारखं तुमचं नको व्हायला.)

मी वेड्यासारखं, पानं पुढे कुठे लागलीयत का बघायला म्हणून ३२१ नंतरची चाळली, आणि नजर एका ओळीवर पडली आणि मला कळलं की मॅक्स गेला. मॅक्स म्हणजे लाइटवुड नावाच्या शॅडोहंटर घरातला सगळ्यात धाकटा, नऊ वर्षांचा, चष्मा लावतो, मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स वाचतो, आणि आधीच्या पुस्तकात तो मांगा उलटीकडून वाचत असतो तर क्लॅरी त्याला नीट कुठून सुरुवात करायची ते दाखवते. एवढंसं पोर. तो सांगत असतो की मी कोणाला तरी मनोऱ्यावर चढताना बघितलं, आणि मोठ्या बहिणीला वाटतं स्वप्न पडलं असेल. एका बाजूला तो घरात आहे बहिणीबरोबर, दुसऱ्या बाजूला ती बहीण खोलीचं दार लावून बसलीये. मधे काय झालं? कसं झालं? कोणी केलं? ती तिथे होती का? लिहिणारीने ते लिहिलंय, त्या बत्तीस पानांत लिहिलंय, मी त्याचे पैसे मोजलेत, आणि माझ्या हातात काय आहे तर जुनीच पानं दुसऱ्यांदा. डब्यात रडायला आलं मला, दुःखाचं पण आणि रागाचं पण, आणि दादरला चढणाऱ्या बायका ढकलतायत, धड रडता पण येईना.

आता ऐका खरा तमाशा. संध्याकाळी रिटर्न टाकायला गेले तर बटणच नाही. का तर सात दिवसांची मुदत संपली. अहो सेट आहे ना तो!! सहा पुस्तकांचा सेट! तिसरं पुस्तक सात दिवसांत कोण उघडतं? पहिलं सोडून तिसऱ्यापासून सुरुवात करू का? का बॉक्स आला की पहिल्या आठवड्यात ऑफिसला सुट्टी टाकून सहाच्या सहा पुस्तकांची हजारो पानं अंगठा लावून एकेक मोजायची, आकडे बरोबर आहेत ना, मग वाचायला घ्यायचं? साडी, मिक्सर, चप्पल सात दिवसांत कळते हो. पुस्तकाचा दोष वाचल्याशिवाय कळतच नाही आणि सिरीज क्रमानेच वाचतात, ही एवढी साधी गोष्ट ज्या माणसाने तो नियम बनवला त्याच्या डोक्यात आली नाही कारण त्याने आयुष्यात एक पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नसणार.

चॅटवर बसले. कारण निवडा म्हणे. साइझ बसत नाही, रंग वेगळा आहे, वस्तू फुटलेली आहे, आता नको आहे. बस. पानं कमी आहेत असं कारणच नाही. पुस्तकं विकता आणि पानं कमी असू शकतात हे तुमच्या यादीत नाही? मी 'फुटलेली आहे' दाबलं, फोटो मागितला, मी २८८ आणि ३२१ समोरासमोर येतील असा मधला दुबार गठ्ठा बोटाने धरून फोटो काढला, तर उत्तर आलं की फोटोत वस्तू सुस्थितीत दिसते. सुस्थितीत!! मग परत पहिल्यापासून समजावलं. मग दुसरा माणूस आला चॅटवर, त्याने परत विचारलं तुमची अडचण काय. त्याला समजावलं. मग तिसरा. प्रत्येकाला मी मॅक्स सोडून सगळं सांगितलंय. आठव्या दिवशी एकाने माझ्यावर उपकार केल्यासारखं पन्नास रुपयांचं कूपन दिलं, पुढच्या खरेदीवर, किमान पाचशेच्या. मला कूपन नको, मला पानं पाहिजेत.

मग एकदाचा पिकअपवाला आला, बिचारा पाच मजले चढून, लिफ्ट बंद होती. त्याच्यावर माझा काही राग नाही हे आधीच सांगते, पाणी पण दिलं त्याला. त्याच्या फोनवर यादी होती, कव्हर फाटलंय का, बारकोड जुळतो का, पुस्तक वापरलेलं दिसतंय का. त्याने पानं फर्रकन उडवली आणि म्हणाला मॅडम, पानं तर भरपूर आहेत. मी दाखवलं, आकडे वाचून दाखवले, त्याला पटलं, तो म्हणाला बरोबर आहे तुमचं, पण याच्यात तसं लिहायला जागाच नाही. आणि पुस्तक 'वापरलेलं' दिसतंय कारण पाठीला घडी पडलीये. वाचलं तर घडी पडणारच ना! रिजेक्ट. तो गेला.

माझे काका गिरगावात एका प्रेसमध्ये बाइंडिंगला होते तीस वर्षं. त्यांना पुस्तक दाखवलं, त्यांनी उलटंसुलटं करून एका मिनिटात सांगितलं. पुस्तक सुटं एकेक पान करून छापत नाहीत, मोठ्या कागदावर बरीच पानं एकत्र छापतात, घडी घालतात, त्याला फर्मा म्हणतात, असे फर्मे क्रमाने एकावर एक ठेवून मग पाठ चिकटवतात. उचलताना हात चुकला, एक फर्मा दोनदा गेला आणि पुढचा राहिला. आमच्या वेळी घडीच्या पाठीवर काळी खूण असायची, सगळे फर्मे एकत्र धरले की खुणा जिन्यासारख्या तिरक्या उतरत यायच्या, एक जरी चुकला तरी लांबून डोळ्याला खुपायचं, असं ते म्हणाले. आणि मग म्हणाले, चूक होते गं माणसाकडून, आमच्याकडून पण झालीये, पण पुस्तक परत आलं तर आम्ही खाली मान घालून दुसरं द्यायचो. कागद बोटांत चोळून म्हणाले हा काही धड माल वाटत नाही मला. म्हणजे १,८९९ देऊन डुप्लिकेट आलं असेल तर? ते पण विचारलं चॅटवर. उत्तर नाही.

फाउंटनच्या फुटपाथवर पुस्तकं विकतात ना, लोक नावं ठेवतात त्यांना, पण तिथे मी एकदा घेतलेल्या पुस्तकात शेवटची पानं उलटी लागलेली, पंधरा दिवसांनी घेऊन गेले, त्या माणसाने बघितलं, ढिगातून दुसरं काढून दिलं, विषय संपला. ना बारकोड, ना कारण निवडा. आणि स्ट्रँड नावाचं पुस्तकांचं दुकान होतं तेव्हा फोर्टला, २०१८ ला बंद झालं, तिथे तुम्ही पुस्तकाबद्दल बोललात तर समोरच्याला कळायचं तरी. आता बोलायचं कोणाशी? चॅटमधल्या त्या हिरव्या ठिपक्याशी?

आणि सल्ले. सल्ल्यांनी जास्त डोकं फिरतं. "पीडीएफ काढ ना नेटवरून." का काढू? मी पैसे भरलेत, चोरी मी का करू? "पिक्चर बघ." पिक्चर २०१३ चा, तो पहिल्या पुस्तकावर, पुढचा आलाच नाही. "मग सिरीज बघ, शॅडोहंटर्स." २०१६ ते २०१९, तीन सीझन, आणि ऑफिसातल्या एकीने बघितलीये, ती म्हणते त्यात मॅक्स वाचतो. मग ती बघून मला कसं कळणार माझ्या पुस्तकात काय झालं? वेगळी गोष्ट आहे ती! "पोरांची पुस्तकं आहेत ही, तू आता किती वर्षांची." मी सव्वीस वर्षांची आहे आणि मला राक्षस मारणाऱ्यांची गोष्ट आवडते, कोणाच्या बापाचं काय जातंय.

एकट्या आईला कळलं. तिने तरुणपणी नारायण धारपांच्या त्या समर्थांच्या भुताखेतांच्या गोष्टी सर्क्युलेटिंग लायब्ररीतून आणून वाचल्यात, तिथे कोणी ना कोणी मधलं पान फाडून नेलेलं असायचं, आणि लायब्ररीवाला पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवायचा, पान अमुक नाही. निदान आधी सांगायचे तरी, म्हणाली. मग म्हणाली, पुढचं वाचू नकोस अजून, पानं मिळू देत.

वाचलं नाहीये. तिसरं पुस्तक २८८ वर खूण घालून उशाशी आहे, चौथं-पाचवं-सहावं कपाटात तशीच कोरी. सकाळी लोकलमध्ये खिडकीतून बघत बसते. काल रात्री मेल आला, तुमची तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे, कृपया पाच पैकी किती स्टार द्याल. मी एक दिला आणि खाली लिहिलं २८९ ते ३२०, आणि आत्ता जेवण झाल्यावर नवीन तक्रार टाकलीये. ही सातवी.