गाठ आहे म्हणून पिशवी काढायची?

आमच्या ऑफिसात, नात्यात, सोसायटीत गेल्या काही वर्षांत एवढ्या जणींच्या सोनोग्राफीत फायब्रॉईड, म्हणजे गर्भाशयातल्या गाठी, निघालेत की आता मला कोणी हळू आवाजात सांगितलं "अगं गाठ आलीये, कोणाला बोलू नकोस" तर मी पहिलं विचारते, त्रास काय होतोय? बऱ्याचदा उत्तर असतं, काहीच नाही गं, पोटात गॅस होत होता म्हणून सोनोग्राफी केली होती.

अमेरिकेत २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सोनोग्राफीवरून अंदाज काढला होता की पन्नाशीपर्यंत गोऱ्या बायकांमध्ये साधारण ७० टक्के आणि काळ्या बायकांमध्ये ८० टक्क्यांहून जास्त जणींना फायब्रॉईड होतात. आकडे तिकडचे आहेत, मान्य, पण म्हणजे ही गोष्ट केसं पांढरी होण्याइतकी कॉमन आहे आणि यातल्या कितीतरी जणींना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. गर्भाशयाच्या स्नायूचीच ती गाठ, कॅन्सर नाही, कॅन्सर निघणं फारच दुर्मिळ. पाळी चालू असेपर्यंत हार्मोन्सवर वाढते आणि पाळी गेली की बहुतेक वेळा आपोआप आक्रसते. त्यामुळे ४८ वर्षांच्या, काहीही त्रास नसलेल्या बाईला "काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल" असं कोणी म्हणालं तर सरळ उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जावं, माझं तर स्पष्ट मत आहे.

कारण पिशवी काढण्याचा धंदा आपण बघितलाय ना. बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ ला गाजलं, सरकारने समिती नेमली, ८२ हजारांवर बायकांच्या सर्व्हेत १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली, त्यात तिशीतल्या पण होत्या. पाळीत सुट्टी घेतली की मजुरी बुडते, उलट मुकादमाचा दंड, आणि समोर डॉक्टर कॅन्सरची भीती घालतोय, ती बिचारी काय करणार. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टालाही अशा गरज नसलेल्या ऑपरेशन्सवरून राज्यांना नियम लागू करायला सांगावं लागलं.

पण मला खरा राग याच्या उलट्या गोष्टीचा येतो. जिला खरंच त्रास आहे ती गप्प बसते! आठ-आठ दिवस अंगावरून जातंय, तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतंय, रक्ताच्या गाठी पडतायत, रात्री गादीवर जुनी चादर घडी करून झोपते, जिना चढताना धाप लागते, हिमोग्लोबिन सात, आणि घरी सासू म्हणते आमच्या वेळी पण असंच व्हायचं. गौरी-गणपतीत पाळी नको म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणताना कोणाला विचारावंसं वाटत नाही, पण हे डॉक्टरला दाखवायचं म्हटलं की दिवाळी होऊ दे, मुलाची बारावी होऊ दे.

गाठीच्या साईझवर सगळं ठरत नाही हे कोणीतरी ओरडून सांगायला हवं. अस्तराच्या आत घुसलेली बोराएवढी गाठ सुद्धा भयंकर ब्लीडिंग करू शकते आणि बाहेरच्या बाजूला वाढलेली मोसंबीएवढी कधी काही करत नाही, फार तर लघवीच्या पिशवीवर दाब येऊन सारखं जावं लागतं. म्हणून रिपोर्टमधले सेंटिमीटर बघून घाबरण्याआधी गाठ कुठे आहे ते विचारा. आणि पर्याय पण विचारा हो: रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या, हार्मोनवाली कॉपर-टीसारखी वस्तू, फक्त गाठ काढणं, गाठीचा रक्तपुरवठा बंद करायची पद्धत. सगळ्यांना सगळं चालत नाही, मूल हवंय की नाही यावर पण बरंच ठरतं. आणि पिशवी काढायचीच झाली तर (काहींना खरंच लागते आणि नंतर त्या सुखात असतात, माझी मावशी त्यातलीच) अंडाशय ठेवणार की तेही काढणार हे सहीच्या आधी विचारून घ्या, कारण ते गेले की पाळी जाण्याचे सगळे त्रास एका झटक्यात सुरू होतात. हा प्रश्न विचारलेली बाई मला अजून भेटायचीय.

हां, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर मात्र "गाठ असेल" म्हणून सोडू नका, लगेच दाखवा.

आणि कृपया कमेंटमध्ये गाठ विरघळवणारे काढे नि एरंडेलाच्या पट्ट्या सुचवू नका, डिलीट करणार आहे.