साथ येतेय, तुमचं मत तयार आहे का?

नवीन साथ आज ना उद्या येणारच. कुठून येईल, कुठल्या प्राण्यातून येईल ते शास्त्रज्ञ बघतील, त्यांना त्याचा पगार मिळतो. आपलं काम वेगळं आहे, आपल्याला पहिल्या चोवीस तासांत मत द्यायचंय. आणि मागच्या तीनचार साथींत मी बघितलंय की चांगले शिकलेसवरलेले लोकसुद्धा इथे आयत्या वेळी गडबडतात, म्हणजे घरात तांदूळ, डाळ, सॅनिटायझर सगळं भरून ठेवलेलं असतं पण मताचा पत्ता नाही, मग कोणाचं तरी फॉरवर्ड उचलायचं, आपलं म्हणून ग्रुपवर टाकायचं आणि तिसऱ्या दिवशी तोंडावर आपटायचं. असं तुमचं होऊ नये म्हणून हे चार शब्द. मी पुण्यात राहतो, त्यामुळे न विचारता सल्ला देण्याचा अनुभव दांडगा आहे.

पक्ष दोनच आहेत. एक 'काही नाही हो, साधा फ्लू आहे'वाल्यांचा आणि दुसरा 'आता काही खरं नाही'वाल्यांचा. तसे काही लोक 'अजून नीट कळलेलं नाही, तोवर जरा जपून राहू' असंही म्हणतात पण त्यांच्या नादी लागू नका, त्यांना कोणी चहाला विचारत नाही.

समजा तुम्ही पहिला पक्ष निवडला. उत्तम. यात कष्ट कमी आहेत, फक्त दोन आकडे पाठ करायचे. मी हे शिकलो ऑगस्ट २००९ मध्ये. ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. आठवड्याभरात शाळा बंद, थिएटरं बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर ही रांग, त्यात खोकणारे, न खोकणारे आणि शेजारचा खोकतो म्हणून आलेले सगळे एकमेकांना चिकटून उभे. आमच्या कोपऱ्यावरच्या केमिस्टला मी एन-९५ मास्कची किंमत विचारली तर तो नुसताच हसला. (पुण्यातल्या मुली त्याच्या कितीतरी आधीपासून डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने बांधून स्कूटी चालवत होत्या, तेव्हा जगात साथीसाठी सगळ्यात तयार शहर आमचंच होतं हे कोणी लिहून ठेवलेलं नाही.) तर अशा त्या दिवसांत आमच्या अमृततुल्यावर एक काका बशीत चहा ओतत म्हणाले, अरे टीबीने या देशात दर तीन मिनिटाला दोन माणसं मरतात, त्याचं काय? सगळे गप्प. आकडा खरा होता, सरकारच तेव्हा तो सांगत असे. पण मी या काकांना वीसेक वर्षं ओळखतो आणि त्या ऑगस्टच्या आधी किंवा नंतर त्यांच्या तोंडून टीबी हा शब्द मी एकदाही ऐकलेला नाही. म्हणजे २०२० च्या मार्चमध्ये ऐकला, तेवढाच. टीबी म्हणजे त्यांच्याकडचं चांदीचं ताट आहे, पाहुणा रोग आला की माळ्यावरून काढायचं आणि तो गेला की परत फडक्यात गुंडाळून वर.

दुसरा आकडा रस्त्यावरच्या अपघातांचा. २००९ साली देशात सव्वा लाखावर माणसं त्यात गेली. हे वाक्य टू-व्हीलरवर बसून, हेल्मेट न घालता, जमल्यास नो एंट्रीतून येताना म्हणावं, पुण्यात त्याला वेगळंच वजन येतं.

दुसरा पक्ष जरा खर्चिक आहे. त्यासाठी आतल्या गोटातला माणूस लागतो. मिलिटरीतला मामेभाऊ असेल तर सोन्याहून पिवळं, नाहीतर 'एका मोठ्या हॉस्पिटलातला डॉक्टर' चालतो, नाव विचारलं तर 'त्याची नोकरी जाईल' म्हणायचं. या माणसाने तुम्हाला रात्री अकरानंतरच फोन केलेला असला पाहिजे. आणि वाक्य एकच, 'सरकार आकडे लपवतंय.' यात एक अडचण आहे ती आत्ताच सांगून ठेवतो, कधीकधी हे खरं निघतं. २०२१ संपेपर्यंत करोनाचे आपले सरकारी मृत्यू होते ४ लाख ८१ हजार, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या मे महिन्यात दोन वर्षांचा हिशोब मांडून सांगितलं की नेहमी जातात त्यापेक्षा अंदाजे ४७ लाख माणसं जास्तीची गेली. सरकारने हा अंदाज मान्य नाही म्हणून कळवलं. आता तुमचा आतल्या गोटातला माणूस मुळात नव्हताच आणि तरी तो बरोबर ठरला, असं झालं तर दचकून जाऊ नका, फक्त 'मी तेव्हाच म्हणालो होतो' एवढं म्हणा.

पक्ष कुठलाही असो, घरगुती उपाय मात्र दोघांनी करायचाय. २००९ ला रुमालावर निलगिरीचे थेंब आणि गळ्यात किंवा खिशात कापूर-वेलचीची पुरचुंडी होती, अख्खी पीएमटीची बस, चुकलो पीएमपीएमएलची, देवघरासारखी दरवळायची. २०२० ला काढा, वाफ, हळदीचं दूध आणि आर्सेनिक अल्बमच्या त्या होमिओपॅथीच्या गोड गोळ्या, ज्या नगरसेवकांनी स्वतःच्या फोटोसकट वाटल्या. साधा फ्लू आहे म्हणणारे माझे मेहुणे काढा दोन वेळा घेत होते, हे विशेष. विचारलं तर म्हणे 'रोगासाठी नाही रे, प्रतिकारशक्तीसाठी.' उपाय सांगताना तो स्वयंपाकघरातलाच असावा आणि त्याला परदेशात मान्यता मिळालेली असावी, देश शक्यतो जर्मनी घ्या, जर्मनीत कोणी फोन करून विचारत नाही.

आणि कोंबडी सोडायची. हा नियम पक्का. २००६ ला नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा निदान त्या बिचारीचा संबंध तरी होता, लाखांनी मारल्या. पण २०२० च्या फेब्रुवारीत करोनाने काय केलं? चिकनने करोना होतो म्हणून मेसेज फिरला आणि पोल्ट्रीवाला आडवा झाला, कितीतरी शेतकऱ्यांना पक्षी मिळेल त्या भावाने विकावे नाहीतर गाडून टाकावे लागले. बरं सोडणारे कोण, तर तेच जे म्हणत होते घाबरायचं काही कारण नाही! घाबरायचं नसतंच, फक्त कोणाच्या तरी पोटावर पाय द्यायचा असतो, नाहीतर आपण गंभीर आहोत हे लोकांना कळणार कसं.

यावरून आठवलं. महाराष्ट्रातले पहिले करोनाचे पेशंट ९ मार्च २०२० ला पुण्यात सापडले, दुबईहून विमानाने आलेले. रोग आला विमानाने. आणि आमच्या सोसायटीने पहिली बंदी कोणावर घातली तर शेजारच्या वस्तीतून चालत येणाऱ्या मावशींवर, मग पेपरवाल्यावर, मग कचरेवाल्यावर (ती दुसऱ्या दिवशी उठवली, वासाने). मीटिंगमध्ये अमेरिकेहून आलेला एकाचा मुलगा स्वतः उभा राहून वस्तीतल्या स्वच्छतेबद्दल दहा मिनिटं बोलला. सगळे मान डोलावत होते. मीही. तेव्हा हे लक्षात ठेवा की साथ किती गंभीर घ्यायची याचं उत्तर कोणासाठी घ्यायची त्यावर आहे, स्वतःसाठी साधा फ्लू आणि मावशींसाठी प्लेग, असं एकाच वेळी धरता येतं, अजिबात जड जात नाही.

प्लेगवरून एक सांगतो, इतिहास थोडा जवळ ठेवा, वादात कामाला येतो. २०२० च्या मार्चमध्ये राज्य सरकारने जो साथरोग कायदा लावला तो १८९७ चा, चार कलमांचा, मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठी इंग्रजांनी केलेला. त्याच वर्षी प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या आणि त्याच वर्षी पुण्यातला प्लेगचा इंग्रज अधिकारी रँड याचा खून झाला. म्हणजे १८९७ हे साल दोन्ही पक्षांना पुरतं. कडक उपाय हवे असतील तर प्लेगने कसा कहर केला ते सांगा, नको असतील तर रँडचे सोजीर घरात कसे घुसले ते सांगा. मात्र १९१८ जरा सांभाळून. आपल्याकडे तिला मानमोडी म्हणायचे. जूनमध्ये मुंबईत आली, अंग मोडून यायचं, चार दिवस ताप, आणि पुष्कळसे लोक बरे. तेव्हाच्या साधा-ताप-आहेवाल्यांनी जुलैत काय मिशा पिळल्या असतील. मग सप्टेंबरमध्ये ती परत आली आणि देशात एक कोटीच्या वर माणसं गेली. ते जुलैवाले चूक नव्हते बरं का, फक्त त्यांनी थोडं लवकर मत दिलं.

तसंच २०२१ च्या जानेवारीत झालं. आकडे खाली, लग्नं जोरात, लस आलेली. फेब्रुवारीत अमरावतीत आकडे चढायला लागले, लॉकडाऊन लागला, पण अमरावती लांब आहे हो. पुण्याच्या माणसाला चाकणसुद्धा लांब वाटतं. मेहुण्यांनी तेव्हा फॅमिली ग्रुपवर टाकलं होतं की 'करोना हा आता मनाचा रोग राहिला आहे', त्याखाली हार फुलं हात जोडलेले, सगळं. एप्रिलमध्ये रात्री दोन वाजता बहिणीचा फोन आला, ऑक्सिजन ब्याऐंशी दाखवतंय, ते मशीन खराब असेल का रे. मशीन खराब नव्हतं. पुढचे सात तास मी आणि भाचा फोनवर होतो, दोनेकशे कॉल केले असतील, हेल्पलाईन, ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे, प्रत्येक जण आपल्याला माहीत असलेल्या आणखी एका नंबरवर ढकलायचा. सकाळी नऊला बेड मिळाला. एवढा भरलेला दवाखाना आणि बेड रिकामा कसा झाला हे त्या वेळी आम्ही विचारलं नाही. सतरा दिवसांनी मेहुणे घरी आले, चौदा किलो कमी होऊन, आणि खुर्चीत नीट बसताही येत नव्हतं तेव्हा पहिलं वाक्य काय म्हणाले, 'बघ, मी म्हणत नव्हतो? झालो ना बरा?'

त्या बेडवर त्यांच्या आधी जे कोणी होते त्यांचं मत काय होतं ते कळायला मार्ग नाही.

असो. खरी मजा साथ ओसरल्यावर आहे, कच्चं मत तिथे पिकतं. स्वाइन फ्लूचं उदाहरण घ्या. ११ जून २००९ ला जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली, १० ऑगस्ट २०१० ला संपली म्हणून सांगितलं. पुण्यातच बनलेली नाकात मारायची लस बाजारात आली २०१० च्या जुलैत, म्हणजे मांडव सोडायला लागले आणि भटजी आले. तपासणीत सिद्ध झालेले मृत्यू जगभरात १८,५०० च्या आसपास. लगेच युरोपात बोंब झाली की औषध कंपन्यांसाठी हा बागुलबुवा उभा केला. मग २०१२ ला संशोधकांनी परत मोजलं, तपासणीविना गेलेले धरून, तर अंदाज निघाला दीड लाख ते पावणेसहा लाख. आता तुम्ही कुठल्या पक्षात होता त्याप्रमाणे यातला आकडा उचला, दोन्ही खरेच आहेत, पुढचं-मागचं वाक्य तेवढं वाचू नका.

आणि जपून राहिल्यामुळे काही झालंच नाही तर? वा, मग तर काय. 'एवढा गाजावाजा केला आणि काय झालं, काहीच नाही!' छत्री घेतली म्हणून भिजलो नाही, म्हणजे छत्रीचे पैसे वाया गेले, असा हा हिशोब आहे आणि तो खोडून काढणारा माणूस मला अजून भेटायचाय, कारण न भिजलेला माणूस पुरावा म्हणून काय दाखवणार.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे २०२५ चा जानेवारी. ६ तारखेला बेंगळुरूच्या एचएमपीव्ही या सर्दी-खोकल्याच्या विषाणूच्या केसेसची बातमी आली आणि अर्ध्या तासात आमच्या सोसायटीचा ग्रुप दोन फळ्यांत उभा, काय ती शिस्त. हा विषाणू जुनाच आहे, २००१ सालीच सापडलाय, असं एका डॉक्टर बाईंनी लिहिलं, तर दोघांनी तिला विचारलं की मग तुम्ही कोणाच्या बाजूने? चांदीची ताटं निघाली, टीबी आला, जर्मनी आली, मेहुण्यांनी मला काढ्याची नवीन कृती पाठवली. पंधरा दिवस हे चाललं. आणि तिकडे त्याच महिन्यात सिंहगड रोडला, नांदेड, किरकटवाडी, धायरीकडे एकेकाचे हातपाय लुळे पडायला लागले, जीबीएस म्हणे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार, महिनाअखेरीपर्यंत शंभरावर पेशंट, संशय पिण्याच्या पाण्यावर. विहिरीच्या, नळाच्या, रोज पितो त्या.

ग्रुपवर मी ती बातमी टाकली होती. दोन जणांनी अंगठा दिला, एकाने विचारलं टँकर किती वाजता येणार आहे, आणि मग बराच वेळ चिकन खावं की नाही यावर चर्चा झाली.